प्रकाशाचे सांधे



हें भाषण कानीं पडण्यापूर्वीं आपण एक लहानशी क्रिया केली असेल. रेडिओचा काटा फिरवून आपण एक विशिष्ट लहर निवडली असेल. पुणें केंद्राच्या मध्यम लहरीचा आंकडा पुष्कळांच्या परिचयाचा आहे : ७९२ किलोहर्ट्झ, म्हणजे सुमारें ३७९ मीटर लांबीची लहर. मुंबईची ५५८ किलोहर्ट्झची लहर सुमारें ५३८ मीटर लांबीची. या दोन्ही लहरी एकाच वेळीं आपल्या छपरावरून जाऊं शकतात. परंतु एकीवरचें गाणें दुसरीवरच्या बातम्यांत मिसळत नाहीं. कारण दोघींची लांबी निराळी आहे, आणि आपलें यंत्र लांबी पाहून निवड करतें. ही साधी गोष्ट आरंभींच ध्यानांत ठेवावी, अशी माझी विनंति आहे. आज मला जें सांगावयाचें आहे, तें या एका तत्त्वाचाच विस्तार आहे.

फरक इतकाच, कीं ज्या लहरींविषयीं मी बोलणार आहे त्या आकाशांतून न जातां कांचेच्या बारीक तंतूंतून जातात. त्यांची लांबी मिलिमीटराच्या हजाराव्या भागाच्या जेमतेम दीडपट असते. आणि त्यांची निवड हातानें काटा फिरवून होत नाहीं. दूर बसलेल्या माणसाच्या आज्ञेनें, अंगठ्याच्या नखाएवढ्या एका पडद्यावर ती होते. परगांवीं असलेल्या मुलाशीं आपण बोलतों, बँकेचा व्यवहार घरबसल्या करतों, रुग्णालयांतून क्ष-किरणांचें चित्र दुसऱ्या शहरांतील वैद्याकडे जातें, त्या प्रत्येक वेळीं अशा एखाद्या पडद्याशीं आपली गांठ पडण्याचा संभव असतो. तो पडदा काय करूं शकतो, आणि काय करूं शकत नाहीं, हें जाणणें म्हणूनच केवळ तज्ज्ञांचें काम राहिलेलें नाहीं.

या कांचेच्या तंतूच्या इतिहासांत पुण्याला लहानसें पण मानाचें स्थान आहे. एका एक्सचेंजला दुसऱ्या एक्सचेंजशीं जोडणारी भारतांतील पहिली प्रकाशतंतूची वाहिनी १९७९ सालीं पुणें शहरांत सुरू झाली. तोंपर्यंत दोन एक्सचेंजांमधील संभाषणें तांब्याच्या तारांच्या जाडजूड जुडग्यांतून जात. १९६६ सालीं इंग्लंडमध्यें काम करणारे चार्ल्स काओ व जॉर्ज हॉकहॅम यांनीं असें प्रतिपादन केलें, कीं कांचेंतून प्रकाश फार दूर जात नाहीं हा दोष कांचेचा नसून तिच्यांतील मळाचा आहे. चारच वर्षांनीं, १९७० सालीं, अमेरिकेंतील कॉर्निंग कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं पुरेशी शुद्ध कांच ओढून दाखविली. काओ यांना या कार्याबद्दल २००९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. म्हणजे परदेशांतील तो शोध आणि पुण्यांतील ती वाहिनी यांच्यांत अवघ्या नऊ वर्षांचें अंतर होतें.

आजच्या चांगल्या तंतूची एकंदर जाडी मिलिमीटराच्या आठव्या भागाइतकी असते, आणि ज्या गाभ्यांतून प्रकाश धांवतो तो मिलिमीटराच्या शंभराव्या भागाहूनहि बारीक असतो. त्याची पारदर्शकता अशी, कीं पंधरा किलोमीटरांचा प्रवास झाल्यावरहि निम्मा प्रकाश शिल्लक राहतो. आपल्या खिडकीची कांच पंधरा किलोमीटर जाडीची केली, तर तिच्यांतून प्रत्यक्ष सूर्यहि दिसणार नाहीं.

आरंभीं एका तंतूंत एकच लहर धांवत असे. दुसरा प्रवाह पाठवावयाचा तर दुसरा तंतु टाकावा लागे. पण एकाच आकाशांतून जर अनेक केंद्रें बोलूं शकतात, तर एकाच तंतूंतून अनेक लहरी कां जाऊं नयेत ? लांबी निराळी असली म्हणजे झालें. प्रकाशाच्या बाबतींत लांबी निराळी म्हणजे रंग निराळा. तंतूंतील हा प्रकाश तांबड्याच्या पलीकडचा, अवरक्त असल्यामुळें डोळ्यांना दिसत नाहीं. तरीहि सोयीसाठीं आपण त्याच्या निरनिराळ्या लहरींना रंगच म्हणूं. १५३० ते १५६५ नॅनोमीटर एवढ्या चिंचोळ्या पट्ट्यांत आज ऐंशीहून अधिक रंग शेजारीं शेजारीं बसवितात. कोणत्या रंगानें कोठें बसावें हें आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानें ठरवून दिलें आहे : १९३.१ टेराहर्ट्झ हा मूळ बिंदु धरावयाचा, आणि त्याच्या दोहों बाजूंस शंभर किंवा पन्नास गिगाहर्ट्झच्या अंतरानें जागा आंखावयाच्या. एका रंगावर सेकंदाला शंभर गिगाबिट माहिती पाठविणें आतां नित्याचें झालें आहे. जुन्या हिशेबानें एका टेलिफोन संभाषणाला चौसष्ट हजार बिट लागतात असें धरलें, तर एकेका रंगावर एका वेळीं सुमारें पंधरा लाख संभाषणें बसतील. आणि असे रंग ऐंशी !

वाटेंत मंद झालेल्या या सर्व रंगांना एकदम उजाळा देण्याची युक्तीहि १९८७ सालीं हातीं आली. एर्बियम नांवाची धातु अत्यल्प प्रमाणांत मिसळलेल्या तंतूंतून ते नेले, कीं प्रकाशाचें विजेंत रूपांतर न करतांच सर्व रंग एकसमयीं सतेज होतात. बहुरंगी तंतूचा प्रसार झाला तो मुख्यतः या युक्तीमुळें.

या पद्धतीचें एक उत्तम उदाहरण पुणें जिल्ह्यांतच पाहावयास मिळतें. नारायणगांवाजवळ खोडद येथें टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची प्रचंड दुर्बीण आहे. प्रोफेसर गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेंतून ती उभी राहिली. तिच्यांत पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस थाळ्या आहेत. चौदा थाळ्या मध्यभागीं जवळ जवळ असून उरलेल्या सोळा तीन शाखांवर पसरल्या आहेत. शाखांच्या टोंकांमधील अंतर सुमारें पंचवीस किलोमीटर भरतें. आकाशस्थ पदार्थांकडून आलेले क्षीण संदेश प्रत्येक थाळीपासून मध्यवर्ती इमारतींत आणावयाचे ते प्रकाशतंतूनेंच. पुढें या दुर्बिणीची सुधारणा करून तिची ग्रहणकक्षा पुष्कळ रुंद करावयाचें ठरलें, तेव्हां जुन्या तंतूंतूनच निराळ्या रंगांवर नवे संदेश आणण्याची योजना झाली. जुनी व्यवस्था न मोडतां नवी तिच्या शेजारीं चालूं लागली. डोंगराळ व शेतीच्या मुलुखांत पुन्हां खोदाई करण्यापेक्षां रंग वाढविणें किती सोयीचें, हें सांगावयास नको.

परंतु खोडदचें काम एका अर्थीं सोपें होतें. तेथें प्रत्येक थाळीचा संदेश एकाच ठिकाणीं यावयाचा असतो. सर्व वाटा एका घराकडे जातात. वाटेंत कोणाला वळावयाचें नसतें. देशांतील तंतूंचें जाळें तसें नाहीं. कल्पना करा, कीं मुंबईहून एक तंतु ऐंशी रंग घेऊन पुण्यास आला. त्यांतले वीस रंग पुण्यांतच उतरावयाचे आहेत, तीस सोलापूरच्या बाजूनें हैदराबादेकडे जावयाचे आहेत, आणि उरलेले तीस कोल्हापूरच्या बाजूनें बंगळूराकडे. शिवाय पुण्यांतून कांहीं नवे रंग चढावयाचे आहेत. रंग एकत्र करणें सोपें. चालत्या प्रवाहांतून हवे तेवढेच रंग अलग काढून ज्याच्या त्याच्या वाटेला लावणें, ही खरी अडचण.

पूर्वीं ही अडचण दोन रीतींनीं दूर करीत. पहिली रीत म्हणजे सर्व प्रकाशाचें विजेंत रूपांतर करावयाचें, प्रत्येक प्रवाह वाचून पाहावयाचा, आणि नव्या दिव्यानें पुन्हां प्रकाश करून पुढें पाठवावयाचा. एखाद्या जंक्शनवर गाडींतील एकूणएक उतारूंना खालीं उतरवून, तिकिटें तपासून, पुन्हां निरनिराळ्या गाड्यांत बसवावें, तशांतला हा प्रकार. त्याला यंत्रें फार लागतात, वीज फार लागते, आणि प्रवाहाचा वेग वाढला कीं तीं सर्व यंत्रें बदलावीं लागतात. दुसरी रीत म्हणजे अमुक रंग अमुक वाटेला, असें कायमचें ठरवून तशा गाळण्या बसवून टाकावयाच्या. ही रीत स्वस्त खरी. पण उद्यां एखादा रंग दुसरीकडे वळवावयाचा झाला, तर माणसानें प्रत्यक्ष त्या इमारतींत जाऊन, कपाटासमोर उभें राहून, एका भोंकांतील तंतु काढून दुसऱ्यांत खोंवावयाचा. मध्यरात्रीं, मुसळधार पावसांत, दहा ठिकाणीं अशीं माणसें पाठवावयाचीं म्हणजे काय, याची कल्पना आपण करूं शकतां.

आज या दोहोंच्या ऐवजीं जें उपकरण वापरतात, त्याला इंग्रजींत ‘वेव्हलेंग्थ सिलेक्टिव्ह स्विच’ असें लांबलचक नांव आहे. आपल्या आगगाडीच्या भाषेंत बोलावयाचें, तर हा प्रकाशाचा सांधा. रुळांचा सांधा एका वेळीं एका गाडीला वळवितो. हा सांधा ऐंशी रंगांना एकाच क्षणीं ऐंशी निरनिराळ्या आज्ञा देऊं शकतो, आणि तेंहि गाडी न थांबवितां, एकाहि उतारूचें तिकीट न तपासतां. प्रवाहांत संगीत आहे, चित्र आहे कीं सरकारी कागद आहे, हें त्याला ठाऊक नसतें आणि ठाऊक होण्याची गरजहि नसते. तो फक्त रंग पाहतो.

हें घडतें कसें, तें आतां पाहूं. तंतूच्या मुखांतून बाहेर पडलेला प्रकाश प्रथम एका भिंगांतून जाऊन अत्यंत सूक्ष्म व समांतर रेघा आंखलेल्या पट्टीवर पडतो. कॉम्पॅक्ट डिस्क उजेडांत तिरपी धरली असतां तिच्या पाठीवर इंद्रधनुष्य उमटतें, तें आपण पाहिलें असेल. तेंच काम ही पट्टी करते. एकत्र आलेले रंग ती पंख्यासारखे उलगडते, आणि दुसऱ्या भिंगाच्या साह्यानें प्रत्येक रंग पलीकडच्या पडद्यावर आपल्या ठराविक जागीं एका उभ्या रेघेसारखा पडतो. ऐंशी रंग, ऐंशी रेघा. येथवर सर्व कांहीं ठराविक आहे. यांत कोणाची आज्ञा नाहीं.

आज्ञा सुरू होते ती पडद्यावर. हा पडदा म्हणजे सिलिकॉनच्या चकतीवर पसरलेला द्रवस्फटिकाचा पातळ थर. द्रवस्फटिक हा पदार्थ नांवाप्रमाणेंच मोठा विलक्षण आहे. १८८८ सालीं प्राग येथें फ्रीड्रिख रायनिट्झर नांवाच्या वनस्पतिशास्त्रज्ञास असें आढळलें, कीं कोलेस्टेरॉलपासून बनविलेला एक पदार्थ सुमारें १४५ अंशांवर वितळून गढूळ होतो, आणि पुढें सुमारें १७९ अंशांवर पोंचल्यावर एकदम स्वच्छ होतो. एकाच पदार्थाला जणूं वितळण्याचे दोन टप्पे ! या मधल्या अवस्थेंत तो द्रवासारखा वाहतो, पण त्याचे रेणु स्फटिकांतल्याप्रमाणें एका दिशेनें ओळीनें राहतात. पुष्कळ वर्षें हें एक प्रयोगशाळेंतील कौतुकच होतें. पुढें मनगटी घड्याळांतील काळे आंकडे याच जातीच्या पदार्थांनीं उमटूं लागले, आणि द्रवस्फटिक घरोघर पोंचला.

आपल्या पडद्यांत या थराखालीं आरशासारखे चकाकणारे लक्षावधि चिमुकले चौकोन असतात. प्रत्येकाची बाजू मिलिमीटराच्या शंभराव्या भागाच्या आसपास, आणि प्रत्येकाला विजेचा निराळा दाब देतां येतो. दाब बदलला कीं त्या चौकोनावरील रेणु कमीअधिक कलतात, आणि तेथून परत फिरणारा प्रकाश कमीअधिक रेंगाळतो. हें रेंगाळणें एका लहरीच्या लांबीइतकेंच असतें. परंतु तेवढें पुरे आहे.

तेवढ्यानें प्रकाश वळतो कसा ? कवायतींत खांद्याला खांदा लावून चाललेली मुलांची एक लांब ओळ डोळ्यांसमोर आणा. सर्वांची पावलें सारखीं पडत असतील तर ओळ सरळ जाते. आतां डाव्या टोंकाच्या मुलानें पावलें अगदीं आंखूड टाकलीं, त्याच्या शेजारच्यानें थोडीं लांब, त्याच्या पलीकडच्यानें आणखी लांब, असें क्रमानें उजव्या टोंकापर्यंत चाललें, तर कोणी कोणाला न ढकलतां सबंध ओळ डावीकडे वळते. प्रकाशाच्या लहरीची आघाडीहि अशाच ओळीसारखी असते. एका रंगाच्या उभ्या रेघेखालीं जे चौकोन येतात, त्यांना खालून वर क्रमाक्रमानें चढता दाब दिला, कीं लहरीचें एक टोंक अधिक रेंगाळतें व दुसरें कमी, आणि परतणारा प्रकाश किंचित् कलतो. आतां चढ असाच वाढवीत गेलें तर रेंगाळणें फार होईल, अशी शंका येईल. पण सबंध एका पावलानें मागें पडलेल्या मुलाचें पाऊल जसें पुन्हां इतरांच्या पावलाशीं जुळतें, तशीच सबंध एका लहरीनें मागें पडलेली लहरहि जुळते. म्हणून चढ एका लहरीपर्यंत नेऊन पुन्हां शून्यापासून सुरू करतात. दाबाचा आलेख करवतीच्या दांत्यांसारखा दिसतो, आणि दांते जितके जवळ तितका प्रकाश अधिक वळतो.

वळलेला प्रकाश आल्या वाटेनें, त्याच रेघांच्या पट्टीवरून परत जातो, आणि एकावर एक रचलेल्या निरनिराळ्या तंतूंपैकीं ज्याच्या तोंडाशीं त्याचा कल जुळेल त्या तंतूंत शिरतो. पहिल्या रंगाच्या रेघेवर बारीक दांते, दुसऱ्याच्या रेघेवर रुंद, तिसऱ्याच्या रेघेवर उलट दिशेचे : अशा रीतीनें प्रत्येक रंगाचा मार्ग स्वतंत्रपणें ठरतो. दांत्यांचा नमुना म्हणजे केवळ आंकड्यांचा एक तक्ता. तक्ता बदलला कीं मार्ग बदलला. नमुना मुद्दाम थोडा बिघडवून एखाद्या तेजस्वी रंगाचें तेज कमी करावयाचें, म्हणजे सर्व रंग सारखे होतात, हेंहि कार्य तोच पडदा करतो. रंगांच्या जागा कमीअधिक रुंद करावयाच्या तरीहि नुसता तक्ताच बदलावयाचा; आंतरराष्ट्रीय संघानें २०१२ सालीं साडेबारा गिगाहर्ट्झच्या पटींत जागा देण्याची मुभा दिली, तेव्हां या गुणाचें महत्त्व फारच वाढलें.

प्रकाश वळविण्याचा हा एकच मार्ग आहे असें नाहीं. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनीं १९९९ सालीं प्रत्येक रंगासाठीं डोलणारा एक सूक्ष्म आरसा योजून असाच सांधा सिद्ध केल्याचें प्रसिद्ध केलें होतें. द्रवस्फटिकाच्या पडद्याचा सांधा व्यवहारांत आणण्याचें श्रेय मुख्यतः ऑस्ट्रेलियांतील सिडनी येथील संशोधकांना जातें. या शतकाच्या पहिल्या दशकांत त्यांनीं तो बाजारांत आणला. आरसा हलतो, झिजण्याचा संभव असतो. पडद्यांत रेणूंच्या कलण्याखेरीज कांहींच हलत नाहीं.

या उपकरणाची थोरवी सांगितली. आतां त्याच्या मर्यादाहि सांगितल्या पाहिजेत. पहिली मर्यादा अशी, कीं प्रत्येक सांध्यांत निम्म्याहून अधिक प्रकाश खर्चीं पडतो, आणि तो एर्बियमच्या तंतूनें भरून काढावा लागतो. दुसरी अशी, कीं प्रत्येक सांधा रंगाच्या दोन्ही कडा थोड्या थोड्या छाटतो. दहावीस सांध्यांतून गेलेला रंग कडेनें झिजलेल्या नाण्यासारखा होतो. तिसरी अशी, कीं एका तंतूंत एकाच रंगाचे दोन प्रवाह जाऊं शकत नाहींत. दोन रेडिओ केंद्रें एकाच लहरीवर बोलूं लागलीं तर नुसती शीळ ऐकूं येईल, तसेंच हें. वळविलेल्या रंगाला नव्या वाटेवर जागा मोकळी नसेल, तर त्याचा उगमाचा दिवाच दुसऱ्या रंगावर न्यावा लागतो. आणि चौथी अशी, कीं पडद्यावरील नमुना सेकंदाच्या लहानशा अंशांत बदलला, तरी वाटेवरील सर्व उजाळा देणारीं यंत्रें नव्या भाराला जुळवून घेईपर्यंत कित्येक सेकंद, केव्हां केव्हां कांहीं मिनिटेंहि जातात.

परंतु या चारहि मर्यादांवर शास्त्रज्ञांनीं उपाय योजले आहेत. पांचवी मर्यादा मात्र शास्त्रज्ञांच्या हातची नाहीं, आणि तीच आज मला विशेषेंकरून सांगावयाची आहे.

मुंबई आणि पुणें यांच्यामध्यें सह्याद्रि उभा आहे. १८६३ सालीं बोरघाटांतून आगगाडी सुरू झाली तेव्हांपासून या दोन शहरांचा संबंध त्या घाटाच्या लहरीवर अवलंबून राहिला आहे. २०१९ च्या पावसाळ्यांत कर्जत आणि लोणावळें यांच्या दरम्यान दरडी कोसळून लोहमार्गाची वाहतूक कित्येक दिवस विस्कळित झाली. पुष्कळ गाड्या रद्द झाल्या. परंतु कांहीं गाड्या दौंड, मनमाड, इगतपुरी या लांबच्या वाटेनें वळवितां आल्या. त्या वळल्या त्या सांधेवाल्याच्या कौशल्यामुळें, हें खरें. पण त्याहून अधिक खरें हें, कीं दौंड ते मनमाड ही वाट तेथें होती. ती १८७८ सालींच बांधून झाली होती. ती नसती, तर जगांतला सर्वोत्तम सांधेवालाहि हात जोडून उभा राहिला असता.

प्रकाशाच्या सांध्याचें नेमकें असेंच आहे. त्याला वाट निवडतां येते. वाट निर्माण करतां येत नाहीं. ३० जानेवारी २००८ रोजीं भूमध्य समुद्रांत अलेक्झांड्रियाजवळ दोन मोठ्या समुद्री केबली एकाच सुमारास तुटल्या. दोन्ही मुंबईस येऊन पोंचणाऱ्या होत्या. नकाशावर त्या दोन निराळ्या केबली होत्या, त्यांचे मालकहि निराळे होते; पण समुद्राच्या त्या भागांत त्या जवळून जात होत्या, आणि संकटानें दोघींना एकदमच गांठलें. भारतांतील इंटरनेटचा वेग कित्येक दिवस मंदावला. ज्यांनीं आधींच पूर्वेच्या बाजूनें, म्हणजे सिंगापुराकडून जाणारी वाट राखून ठेवली होती, त्यांनाच आपले प्रवाह लवकर तिकडे वळवितां आले.

समुद्राचें सोडा, आपल्या शहरांत पाहूं. पुण्याचे रस्ते वर्षांतून किती वेळां उकरले जातात, हें पुणेंकरांना मीं सांगावयास नको. पाण्याच्या नळासाठीं, सांडपाण्याच्या वाहिनीसाठीं, विजेसाठीं, मेट्रोसाठीं. खोदणारा निराळा, बुजविणारा निराळा. एखाद्या संस्थेनें सावधगिरी म्हणून दोन कंपन्यांचे दोन तंतु घेतले, दोन्हींच्या टोंकांशीं उत्तमांतले उत्तम सांधे बसविले, पण ते दोन्ही तंतु जर एकाच रस्त्याच्या एकाच चरांतून जात असतील, तर खोदाईच्या यंत्राचा एक फटका दोन्हींना पुरेसा होतो. तक्ता बदलण्यास क्षणहि लागणार नाहीं. पण बदलून प्रकाश पाठवावयाचा कोठें? दोन पावत्या म्हणजे दोन वाटा नव्हेत.

यावर उपाय फारसा अवघड नाहीं, पण तो आधीं करावा लागतो. नवा रस्ता, नवा पूल, नवा लोहमार्ग आंखतांना त्याच्या कडेनें तंतूंसाठीं रिकाम्या नळ्या पुरून ठेवणें. कोणाचा तंतु कोणत्या बाजूनें जातो, याचा एक खरा नकाशा नगरसंस्थेपाशीं असणें व खोदण्यापूर्वीं तो पाहणें. आणि रुग्णालयें, अग्निशामक दल, बँका व परीक्षांचीं केंद्रें यांना दोन निराळ्या दिशांनीं वाटा मिळतील असें पाहणें. यांतील एकाहि गोष्टीला द्रवस्फटिकाचें ज्ञान लागत नाहीं. फावड्याची शिस्त लागते. आपल्यापैकीं जे एखाद्या संस्थेचे चालक असतील, त्यांनीं तंतु पुरविणाऱ्या कंपनीला एकच प्रश्न विचारावा : तुमचा दुसरा तंतु आमच्या दारापर्यंत कोणत्या रस्त्यानें येतो ? या प्रश्नाचें उत्तर नकाशावर बोट ठेवून मिळालें, तरच समाधान मानावें.

विज्ञानानें आपल्या हातीं एक विलक्षण सत्ता दिली आहे. प्रकाशाला न थांबवितां, न उघडतां, शेंकडों कोसांवरून नुसत्या आंकड्यांच्या तक्त्यानें वळविण्याची ही सत्ता आहे. परंतु सत्ता ही निवडीची आहे, आणि निवडीला निदान दोन वाटा लागतात. पहिली वाट बहुधा गरजच पाडते. दुसरी मात्र दूरदृष्टीनें पाडावी लागते. जो देश रंगांना वळविण्याचे सांधे विकत घेईल, पण दुसरी वाट खणण्याचे कष्ट घेणार नाहीं, त्यानें भारी कुलूप आणून एकाच भिंतीचें घर बांधल्यासारखें होईल. ज्या शहरांत भारतांतील एक्सचेंजांची पहिली प्रकाशवाहिनी सुरू झाली, त्या शहरानें या दुसऱ्या वाटेविषयींहि इतरांना धडा घालून द्यावा, अशी अपेक्षा बाळगणें वावगें होणार नाहीं.